घरातला खोकला आणि वॉर्डातली बाळं

पत्र बरंच लांब होतं. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गोषवारा देते.

लिहिणाऱ्या बाई ३४ वर्षांच्या. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स, गेली तीन वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात. घर दोन खोल्यांचं. नवरा, चार वर्षांची मुलगी, सासूबाई (त्यांना साखरेचा त्रास) आणि २७ वर्षांचा धाकटा दीर. दीर एमआयडीसीत कामाला आहे. दिवाळीपासून तो खोकत होता. मेडिकलमधून औषध आण, काढा कर, असं करत जानेवारी उजाडला. शेवटी बाईंनीच थुंकी तपासायला लावली. टीबी निघाला. गोळ्या सुरू होऊन आता तीन आठवडे झालेत.

घरात कडक ताकीद आहे : बाहेर कुणाला कळता कामा नये, त्याचं लग्न जमवायचं आहे. आशा ताई चौकशीला आल्या तर सासूबाईंनी "आमच्यात कुणी आजारी नाही" म्हणून दारातूनच वाटेला लावलं. वर "तू दवाखान्यातून आणलंस" हेही ऐकवून झालंय आणि "तू नर्स आहेस, तूच बघ त्याचं" हेही. बाईंनी मुलीला माहेरी पाठवलंय. दिराची ताटवाटी वेगळी केली आहे. ड्यूटीला निघण्यापूर्वी त्या रोज डोक्यावरून अंघोळ करतात, कक्षात पदरच्या पैशांनी एन-९५ मास्क लावतात. इन्चार्ज सिस्टरांना काहीच सांगितलेलं नाही. त्या विचारतात : "एवढ्याएवढ्याशा बाळांना माझ्यामुळे काही झालं तर? रजा टाकू का? की कामच सोडू? वॉर्डात टीबीचे पेशंट असायचे तेव्हा मी कधी मागे हटले नाही. आता स्वतःच्या दिराला चहा द्यायला दारात थबकते. मला माझीच लाज वाटते."

सिस्टर,

लाज, सासूबाई, नोकरी, सगळ्याकडे येऊ. आधी मुलगी.

तुम्ही तिला आजोळी पाठवलंत आणि तो विषय संपवलात, असं पत्रावरून वाटलं. चार पानांत तिच्याबद्दल तेवढी एकच ओळ आहे. पण दिवाळीपासून जानेवारीपर्यंत ती कुठे होती? काकाच्या मांडीवर बसून मोबाईलवर कार्टून बघत होती, हे तुम्हीच दुसऱ्या संदर्भात लिहिलंय. तिला लागण झालीच असेल, म्हणजे जंतू शरीरात शिरलेच असतील, तर ते त्या दिवसांत. गाव बदलल्यानं लागण जात नाही. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये लागणीचा आजार व्हायला वेळ लागत नाही, आणि तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. बीसीजी दिलेली असेलच. या वाईट प्रकारांपासून ती लस बऱ्यापैकी वाचवते, पण तेवढ्यावर विसंबून बसू नये.

म्हणून या आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि घरात थुंकी पॉझिटिव्ह रुग्ण आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. ताप आहे का, खोकला आहे का, वजन वाढतंय की अडकलंय, हे ते बघतील. गरज वाटली तर एक्स-रे काढतील. टीबी नाही अशी खात्री झाली की तिला प्रतिबंधक औषध सुरू व्हायला हवं. या वयाला सहसा आयसोनियाझिड देतात, वजनाप्रमाणे, रोज, सहा महिने. एवढ्या लहान मुलांसाठी लागणीची वेगळी तपासणी पॉझिटिव्ह येण्याची वाट बघायची नसते. औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं, आजोळच्या गावातही मिळेल. त्यानंतर तिला घरी आणायचं की तिथेच ठेवायचं ते तुमच्या सोयीनं ठरवा.

आता बघा, हे सगळं तुम्हाला कोण सांगणार होतं? ज्यांना दारातून परत पाठवलं त्या आशा ताई. रुग्णाच्या घरी येऊन सगळ्यांची विचारपूस करणं, लहान मूल आहे का बघणं, साखरेचं कुणी आहे का विचारणं, हेच त्यांचं काम होतं. सासूबाईंना वाटलं आपण घराची अब्रू राखली. राखली असेलही. पण त्या दारात नातीचं औषध अडलं. आणि टीबीची नोंद २०१२ पासून बंधनकारक आहे. दिराचं नाव सरकारी नोंदीत केव्हाच गेलंय. लपवायचं कुणापासून, तर जिला आधीच ठाऊक आहे तिच्यापासून!

मी आयुष्याची बरीच वर्षं तालुक्याच्या क्षयरोग केंद्रात काढली. तिथे एक गोष्ट इतक्या वेळा पाहिली की शेवटी तिचं नवल वाटेनासं झालं. घराला भीती रिपोर्टच्या दिवशी शिरते. त्याआधी दोन-दोन, तीन-तीन महिने माणूस खोकत असतो, सगळे एका पंख्याखाली, दारं-खिडक्या लावून झोपतात आणि कुणाला काही वाटत नाही. कागदावर "पॉझिटिव्ह" छापून आलं की त्याच रात्री अंथरूण वेगळं, ताट वेगळं, टॉवेल वेगळा. गोळ्या सुरू होऊन माणूस निवळायला लागतो तेव्हा त्याला सगळ्यात लांब ठेवलं जातं. तुमच्या घरातही तसंच झालंय. तुमची भीती खोटी नाही, सिस्टर. ती उशिरा आलीय. तिच्या वाट्याचे दिवस दिवाळी ते जानेवारी हे होते.

हे मी धीर द्यायला म्हणून म्हणत नाही. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांचं एक केंद्र सुरू झालं. तेव्हा टीबी म्हटला की सॅनेटोरियम, म्हणजे गावाबाहेरचं टीबीचं रुग्णालय, आपल्याकडे मिरज, औंध वगैरे. त्या केंद्रानं गरीब वस्तीतल्या रुग्णांचे दोन गट केले. काहींना वर्षभर सॅनेटोरियमात ठेवलं, काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात ठेवून औषधं दिली. मग दोन्हीकडच्या घरच्यांवर पाच वर्षं नजर ठेवली. रुग्ण घरात राहिला म्हणून घरच्यांना टीबी जास्त झाला, असं आढळलं नाही. झालेली लागण बहुतेक औषध सुरू होण्याआधीचीच होती. आज टीबीचा रुग्ण घरी राहून गोळ्या घेतो, त्याला या निष्कर्षाचा मोठा आधार आहे.

एक अट मात्र आहे, आणि ती तुमच्या पत्रात कुठेच आली नाही. औषध त्या जंतूला लागू पडायला हवं. निदानाच्या वेळी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही थुंकीची तपासणी केली असेल तर त्या कागदावर रिफाम्पिसिनबद्दल, म्हणजे टीबीच्या एका मुख्य औषधाबद्दल, एक ओळ असते. तो कागद आज काढा आणि ती ओळ वाचा. जंतू औषधाला दाद देणारा असेल, गोळ्या रोज पोटात जात असतील, खोकला-ताप उतरत असेल, तर तीन आठवड्यांनी तुमचा दीर दिवाळीतला दीर राहिलेला नाही. तपासणी झाली नसेल किंवा "रेझिस्टंट", म्हणजे औषधाला दाद न देणारा, असं लिहिलं असेल, तर मी इथे लिहिलेलं बरंचसं बदलतं. अगदी प्रतिबंधक औषधसुद्धा. मग उद्याच जिल्हा क्षयरोग केंद्र गाठा.

आता तो लाल ठिपका. तुम्ही लिहिलंय, भांडी घासणारीला शंका येऊ नये म्हणून ताट वेगळं ठेवायचं कारण "पथ्य" असं सांगता आणि पेल्याच्या बुडाशी नेलपॉलिशचा ठिपका लावता. हे वाचून मला आमच्या लहानपणचा एक कोनाडा आठवला. त्यात कानतुटका कप पालथा असायचा, एका काकांचा. त्या कपाला कुणी हात लावायचं नाही. काका मात्र सगळ्यांच्या मधोमध बसून रात्रभर खोकायचे, कारण थंडीत खिडकी उघडायची नाही! टीबी पेल्यातून जात नाही, ताटातून नाही, टॉवेलमधून नाही. तो हवेतून जातो. अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात पन्नासच्या दशकात टीबीच्या वॉर्डातली हवा नळ्यांनी वर नेऊन गिनिपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली होती. रुग्णांशी बाकी कसलाच संबंध नसताना त्या प्राण्यांना टीबी झाला. तुमच्या घरात ठिपक्याचा पेला आहे, आणि बाहेरच्या खोलीची खिडकी? "रस्त्यावरच्या लोकांना खोकला ऐकू येतो म्हणून बंद ठेवतो," असं तुम्हीच लिहिलंय.

ती खिडकी उघडा. समोरचं दारही, म्हणजे वारा आरपार जाईल. पंखा असा लावा की वारं दिराकडून खिडकीकडे जाईल. माणसं असतील तेव्हा त्यानं साधा मास्क लावावा. एन-९५ घालायचा तो तुम्ही, तोही जवळ बसायचं असेल तेव्हा. थुंकी झाकणाच्या डब्यात, आत थोडं फिनाईल, आणि डबा संडासात ओतायचा. पहिल्या दोन महिन्यांच्या गोळ्या झाल्या की थुंकी पुन्हा तपासतात. ती निगेटिव्ह येईपर्यंत त्यानं खोलीत एकट्यानं झोपलेलं बरं. आणि नेलपॉलिश रिमूव्हर तुमच्याकडे असेलच.

कक्षातल्या बाळांकडे येते. तुम्ही रोज डोक्यावरून अंघोळ करून निघता, म्हणजे तुमच्या मनात कुठेतरी असं आहे की केसांतून, कपड्यांतून, हातांतून तुम्ही काहीतरी नेताय. इतर जंतूंसाठी हात धुता ते धुवाच, त्या कक्षात त्याला पर्याय नाही. पण टीबी अंगावर बसून प्रवास करत नाही. तुमच्या फुप्फुसात आजार झाला, तरच तो खोकल्या-बोलण्यातून बाळापर्यंत जाईल. नुसती लागण झालेली असेल, म्हणजे जंतू शरीरात निपचित पडलेले, खोकला नाही, ताप नाही, एक्स-रे स्वच्छ, तर तुमच्यापासून कुणालाही काही होत नाही. लागण झालेल्या शंभर जणांतल्या पाच-दहांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो, त्यातही पहिली दोन वर्षं जास्त जपायची. "तू दवाखान्यातून आणलंस" याचं उत्तरही यातच आहे. तुम्हाला स्वतःला फुप्फुसाचा टीबी नसेल तर तुम्ही तो घरी आणूच शकत नाही, गणवेशाच्या घडीतून तर नाहीच. एक्स-रे काढलात की तोही वाद मिटेल.

म्हणजे सध्या तुमच्या हातात प्रश्न एकच आहे : मला आजार आहे की नाही? तो अर्ध्या दिवसात सुटतो. आणि तुम्ही तीन आठवडे अंघोळी करताय, मास्क विकत घेताय, पण छातीचा एक्स-रे काढलेला नाही! पेशंटला हेच सांगून सांगून तुमचा घसा बसला असेल.

पुढच्या ड्यूटीच्या आधी एक्स-रे काढा. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर थुंकीही द्या आणि निकाल येईपर्यंत कक्षात पाऊल टाकू नका. यातलं काही नसेल आणि एक्स-रे स्वच्छ असेल तर कामावर जा. त्यानंतर लागणीची तपासणी, म्हणजे कातडीवरची किंवा रक्ताची, आणि प्रतिबंधक औषध यावर डॉक्टरांशी बोला. संपर्कानंतर पहिले काही आठवडे ती तपासणी निगेटिव्ह दाखवू शकते, हे ध्यानात ठेवा. पॉझिटिव्ह आली तर ती दिराकडून की दहा वर्षांच्या नोकरीतून, हे कळायचा मार्ग नाही. ते शोधत बसू नका. मोठ्यांसाठी औषध दोन तऱ्हांनी देतात, रोज आयसोनियाझिड सहा महिने, किंवा आठवड्यातून एकदा दोन औषधांचा डोस, असे बारा आठवडे. यकृताचा त्रास असेल, बाळाचा विचार असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आठवड्याच्या डोसमधल्या रिफापेंटिननं त्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही.

इन्चार्ज सिस्टरांना सांगावं का? सांगावं. पण तुम्हाला सांगायला लागतंय ते किती? "घरात टीबीचा पेशंट निघालाय, माझी तपासणी करून घ्यायची आहे." बस. दीर की सासरे, त्याचं नाव, त्याचं लग्न, यातलं काहीही त्यांना कळायची गरज नाही. दवाखान्यात संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर असतील तर थेट त्यांच्याकडे जा, त्यांना असल्या गोष्टींची सवय असते. पुढेमागे कक्षात काही घडलं आणि मग तुमच्या घरातलं बाहेर आलं, तर तुमची बाजू घेणं त्यांना जड जाईल. आज सांगितलंत तर कागदावर तुम्ही तपासणी करून घेतलेल्या नर्स असाल. नोकरी सोडायचा विचार तर मला मुळीच पटत नाही. असल्या घरात बाईचा पगार आणि रोज घराबाहेर जायचं कारण, दोन्ही टिकायला हवीत.

आता ती लाज. वॉर्डात घाबरत नव्हतात, घरी घाबरता, म्हणून तुम्हाला वाटतं आपण कोत्या मनाच्या निघालो. मला तसं दिसत नाही. वॉर्डात मास्क होता, खिडक्या उंच होत्या, बरोबर दुसरी सिस्टर होती, आणि आठ तास झाले की पुढच्या सिस्टरला ओव्हर देऊन, काम सोपवून तुम्ही निघत होता. घरी ओव्हर कुणाला देता? पहाटे त्याच्या गोळ्या, दुपारी त्याचं दूध-अंडं, रात्री सासूबाईंचं बोलणं. चहा द्यायला दारात थबकता त्यात जंतूची भीती किती आणि कंटाळा किती, हे एकदा स्वतःशी तपासून बघा. कंटाळा निघाला तर त्याला औषध निराळं आहे.

ते औषध तुमच्या यजमानांकडे आहे. पत्रभर त्यांचं दर्शन एकदाच होतं, "हे म्हणतात आई म्हणते तसं कर." तो त्यांचा सख्खा भाऊ आहे. २७ वर्षांच्या माणसाला गोळ्या भरवायला नर्स लागत नाही, कुणीतरी रोज "घेतल्यास का रे?" विचारणारं लागतं. ते काम थोरल्या भावाचं. गोळ्या सकाळी त्यांच्यासमोर घ्यायच्या, कॅलेंडरवर खूण त्यांनी करायची. शंका आली तर आमच्या केंद्रातली जुनी युक्ती आहे : रिफाम्पिसिन पोटात गेलं की काही तासांत लघवी नारिंगी होते. भाऊ भावाला एवढं विचारू शकतो, वहिनीनं विचारणं अवघड. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे महिन्याला १००० रुपये त्याच्या खात्यात येतात की नाही, तेही त्यांनीच केंद्रात जाऊन बघावं. नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० चे १००० झालेत, आणि बँकेचा तपशील चुकल्यामुळे अडकलेले मी पुष्कळ पाहिलेत.

लग्नाबद्दल थोडक्यात. औषधाला दाद देणाऱ्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. तो पुरा होईपर्यंत स्थळं बघायची थांबवली तर आभाळ कोसळत नाही. लपवून घाईनं जमवलं तर काय होतं ते मी पाहिलंय : नव्या नवरीसमोर गोळ्या घ्यायच्या कशा, म्हणून मुलानं त्या बंद केल्या आणि वर्षभरात दोघं केंद्रात आली. गोळ्या अर्ध्यात सोडलेला टीबी पुढे औषधांना जुमानेनासा होऊ शकतो. सासूबाईंना लग्नाचीच काळजी असेल तर त्यांना हेच सांगा, आणि तुमच्या तोंडून नको, लेकाच्या तोंडून.

पण सासूबाईंकडे मी फक्त घरातली अडचण म्हणून बघत नाही. त्या बाहेरच्या खोलीत दिराजवळच झोपतात आणि त्यांना साखर आहे. मधुमेह असलेल्याला टीबीचा धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो. मुलीच्या खालोखाल या घरात जपायचं ते त्यांनाच, आणि आशा ताईंना दारातून परत पाठवलं तेही त्यांनीच. त्यांना खोकला आला की "म्हातारपण" म्हणून सोडून द्याल, अशी मला भीती वाटते. आशा ताईंना फोन करून परत बोलवा. वस्तीतल्या लोकांना दिसू नये असं वाटत असेल तर त्यांनाच सांगा, संध्याकाळी साध्या साडीत येतील, त्यांनी अशी घरं पुष्कळ पाहिलेली असतात. तेही नकोच असेल तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा फुकट फोन आहे. याच अडचणीत असलेल्या इतर वाचकांनाही तो उपयोगी पडेल.

रजा टाकू का, असं विचारलंत. टाका, एका दिवसाची. सकाळी सासूबाईंना आणि यजमानांना घेऊन बाहेर पडा आणि तिघांचे एक्स-रे काढून घ्या. सासूबाई "मला काय झालंय" म्हणतील. साखर तपासायला चाललोय असं सांगा, ते खोटंही ठरायला नको, तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी त्याच फेरीत उरकून टाका. दुपारच्या एसटीनं लेकीकडे जा. येताना तिच्या वजनाचा आणि लसीकरणाचा कागद बरोबर आणा, केंद्रात लागेल.